बोग्नाचं पीप

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. पोलंडमध्ये विस्तुला नदीच्या काठी लाल विटांचं एक शहर होतं. मधाच्या मसालेदार केकसाठी ते नावाजलेलं होतं आणि रिकाम्या चर्चेसाठी तर त्याहून जास्त. तिथे बोग्ना नावाची, पाव-केक भाजणारी एक भट्टीवाली राहायची.

तिथली रीत अशी, की घरात मुलगी जन्मली की आईनं मध, सुंठ, लवंग घालून कणीक मळायची आणि पिपात भरून तळघरात ठेवायची. झाकण उघडायचं ते थेट तिच्या लग्नात, केक भाजायला. कणीक जितकी मुरेल, तितका संसार गोड. बोग्नानं लेकीची, हान्काची, कणीक अठरा वर्षं सांभाळली. सांभाळली म्हणजे शेजाऱ्यांपासून. येणारा-जाणारा विचारी, "जरा झाकण काढून वास घेऊ का?" नाही म्हणून म्हणून बिचारीची जीभ झिजली.

हान्काचं लग्न आठ दिवसांवर आलं आणि नदीला पूर आला. बोग्नाच्या घरामागच्या, नदी अडवणाऱ्या तटाला बोटाएवढं भोक पडलं. ती नगरसभेत धावली. तिथे वाद सुरू झाला, चुना वाईट की गवंडी वाईट. दुसऱ्या दिवशी भोक मुठीएवढं झालं, वाद चुन्यावरच. तिसऱ्या दिवशी त्यातून डोकं जायला लागलं, तेव्हा सभेनं भोक मोजायला समिती नेमली.

"मोजा," बोग्ना म्हणाली. "बुडता बुडता मोजा, मेल्यांनो."

घरी येऊन तिनं पीप वर काढलं, पण झाकणावर तिचा हात अडला.

"आई, गावच उरलं नाही तर माझं लग्न कुठे लावशील?" हान्का म्हणाली.

दोघींनी रडत रडत सगळी कणीक भोकात ठासली. असं म्हणतात, की ती पाणी पिऊन फुगली आणि दगड झाली. असं म्हणतात, की भर पावसात मधमाश्या तटावर येऊन बसल्या आणि नदी लवंगेचा वास घेत मागे सरली.

मग समिती आली. तिनं तट चाटून पाहिला आणि सुंठ कमी पडल्याचं मत नोंदवलं. बोग्नानं कपाळावर हात मारून घेतला.

हान्काचं लग्न केकाविनाच लागलं. निघताना तिनं तटातल्या त्या कणकेवर तळवा टेकवला. संसार फार गोड झाला, असं म्हणतात.

अजूनही तिथली प्रत्येक नवरी आधी त्या जागी तळवा टेकवते. तिच्या केकची कणीक मात्र खुद्द नगराध्यक्षानं मळायची असते, बाह्या सारून, अवाक्षर न काढता. त्यानं तोंड उघडलंच, तर बायका एवढंच विचारतात, "बोग्नाला बोलावू?"