कड्यावरची निळी द्राक्षं

माणसाला अजून द्राक्षाची चव ठाऊक नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका कड्यावर निळ्या द्राक्षांची एकुलती एक वेल होती. तिला कैक वर्षांनी एकदा फळ धरायचं आणि काळूआत्या अस्वलीण त्याचं आसव करायची. यंदा वेल लगडली, तसं रानात दुसरं बोलणंच उरलं नाही. साळिंदर, मुंगूस, वटवाघूळ, सगळे त्या चवीची वर्णनं करत आसवाची वाट पाहू लागले.

उदमांजराला मात्र धीर धरवेना. एके दुपारी त्याने गुपचूप एक द्राक्ष तोंडात टाकलं. एवढ्या घोसांतून एक गेलं तर कुणाला कळणार होतं?

ठरल्या दिवशी सगळे पानांचे द्रोण घेऊन जमले. काळूआत्याने रांजण आणला आणि सर्वांसमोर उपडा केला. थेंबही पडला नाही.

"पिळायला द्राक्षंच नव्हती रे," ती म्हणाली. "वेलीवर नुसते देठ उरलेत."

उदमांजर हादरलं. 'मी तर एकच खाल्लं होतं!' आता सगळे चोराच्या नावाने ओरडतील, म्हणून त्याने अंग चोरलं. पण कुणीच ओरडलं नाही. साळिंदर जमीन उकरत होतं. मुंगसाने तोंड फिरवलं.

"अरे, कुणी खाल्ली ते तरी विचारा!" काळूआत्या कळवळून म्हणाली.

उदमांजराने एकेकाकडे पाहिलं आणि त्याला उमगलं, 'एकच तर खाल्लं' म्हणणारं ते एकटं नव्हतं. विचारायला कुणीही तोंड उघडलं नाही.