मागच्या गोठ्यातली रिकामी जागा

डोंगराच्या पायथ्याशी, जिथं एसटी वळसा घेऊन परत फिरते, तिथं एक बागायतदार राहत होता. खाली सुपारीची बाग, मधे काजूची कलमं, वर लाकडाचं रान. देवानं त्याला सगळं भरभरून दिलं होतं, धीर तेवढा द्यायचा राहून गेला होता.

त्याच्याकडे झाडं कापायची मशीन होती, दोरी ओढून सुरू करायची. पाऊस उघडला की तो ती पडवीत काढायचा, पायानं दाबून धरायचा आणि दोरी ओढायचा. खर्र. काही नाही. पुन्हा खर्र. काही नाही. तिसऱ्यांदा त्यानं दोरी कधी ओढलीच नाही. मशीन उचलायची, मागच्या गोठ्यात टाकायची आणि तालुक्याला जाऊन नवी आणायची. गवत कापायच्या मशिनीची तीच गत, फवारणीच्या पंपाची तीच. गुरं त्यानं केव्हाच विकली होती. गुरांच्या जागी आता मशिनी पडलेल्या असायच्या.

त्याची बायको दर वर्षी सांगायची की पावसाळाभर पेट्रोल मशिनीच्या पोटात तसंच राहतं नि खराब होतं. ते आधी ओतून काढा, प्लग पुसा, ताजं पेट्रोल घाला आणि मग ओढा. तो म्हणायचा, मशीन माझी चाकर आहे, मी तिचा नाही. नवी मशीन पहिल्या वर्षी पहिल्या ओढीला सुरू व्हायची. पुढच्या वर्षी तीही खर्र करायची. मशीन नवी असली तरी पेट्रोल जुनंच आणि हात तोच, मग दुसरं काय होणार? पण बाईमाणसाचं ऐकलं तर मिशी खाली येते ना.

ह्या मशिनी चालवायला भिवा नावाचा गडी होता. बागायतदाराच्या बापाच्या वेळेपासूनचा. आयुष्यभर भुसा आणि धूर खाऊन त्याची छाती भरली होती. सकाळी आला की पायरीवर बसून खोकायचा. खोकून झालं की उठायचा आणि एकदा कामाला लागला की तरण्या पोरांना मागे टाकायचा. पण मालकाला ते पायरीवरचं खोकणं सोसेना. एका सकाळी त्यानं भिवाला हाक मारली, भिवा खोकत होता. दुसरी हाक मारली, अजून खोकतच होता. मालकानं सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

भिवा म्हणाला, "मालक, जरा दम धरा. सुरू होतो मी."

मालक तोवर घरात गेला होता.

त्याच वर्षी श्रावणात गोठ्यातून आवाज यायला लागला. तोही भर दुपारी, माणसं जेवून लवंडतात आणि झाडावरचं पाखरूही हलत नाही त्या वेळेला. खर्र. मग थांबायचा. कोणी दोरी ओढून दम घेतंय आणि पुन्हा ओढतंय, तसा. खर्र.

बागायतदार काठी घेऊन गेला. गोठ्याला बाहेरून कडी होती. कडी काढून बघतो तर आत कोणी नाही. पण सगळ्या मशिनींच्या दोऱ्या पूर्ण बाहेर येऊन जमिनीवर पडल्या होत्या, तहानलेल्या गुरांच्या जिभा लोंबाव्यात तशा. ही दोरी सोडली की आपोआप आत जाते, बाहेर राहत नाही. ह्या राहिल्या होत्या. त्यानं एका दोरीची मूठ उचलली. ती ऊन होती, आत्ताच कोणी हात काढून घेतल्यासारखी.

त्यानं कडी लावली आणि घरात येऊन सांगितलं की उंदीर झालेत.

"उंदीर दोऱ्या ओढतात होय?" बायको म्हणाली.

 त्यानंतर दुपारी जेवताना तो टीव्हीचा आवाज मोठा ठेवायला लागला.

पुढे खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली सगळी अवजारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा आणि त्या दिवसापुरती त्यांना विश्रांती द्यायची, ही रीत. बागायतदारानं कोयते मांडले, कुऱ्हाड मांडली, पहार मांडली आणि मधोमध नवीकोरी मशीन ठेवली. बायको म्हणाली, गोठ्यातल्यांनाही आणू या, त्याही ह्याच घरासाठी राबल्यात.

"भंगाराला कसली हळद?" तो म्हणाला.

बायकोचे गुडघे त्या वर्षी धरले होते. सकाळी भिंतीला हात लावत लावत ती उठायची आणि जरा चालली की मग मोकळी व्हायची. त्या दिवशी पडवीत वाडीतली माणसं पानसुपारीला बसली होती आणि चहा यायला उशीर झाला. कोणीतरी विचारलं, काय हो, वहिनी बऱ्या आहेत ना? बागायतदार पान लावता लावता हसला.

"आमच्या हिलाही हल्ली दोन हिसके द्यावे लागतात. बघतो तालुक्याला नवी मिळते का."

माणसं हसली. बायको कपांचं ताट घेऊन उंबऱ्यावर उभी होती. तिनं ताट खाली ठेवलं. रडली नाही की भांडली नाही. हळदकुंकवाचं तबक उचललं, झेंडूची परडी घेतली, एक फडकं खांद्यावर टाकलं आणि मागच्या दारानं गेली.

दुपार झाली. माणसं आपापल्या घरी गेली. चूल थंड, घरात कोणी नाही. बागायतदार जेवणाची वाट बघत बसला आणि त्याच्या ध्यानात आलं की आज गोठ्यातून आवाज आलेला नाही. इतके दिवस तो आवाज त्याला नको होता. आता आवाज नाही, हे त्याच्यानं सोसेना. तो उठला आणि मागे गेला.

गोठ्याची कडी उघडी होती. आत सगळ्या मशिनी एका ओळीत मांडलेल्या, पुसून लख्ख. दोऱ्या आत गेलेल्या. प्रत्येकीवर हळदकुंकू, प्रत्येकीवर एक फूल. आणि ओळीच्या शेवटी त्याची बायको. भिंतीला टेकलेली, पाय पसरलेले, डोळे उघडे पण हलत नव्हते. तिच्या हातावर हळदकुंकवाची बोटं उमटलेली आणि त्यावर एक फूल.

तिच्या पलीकडे आणखी एक जागा होती. झाडलेली, शेणानं सारवलेली, अजून ओली. तिच्यावर चिमूटभर हळदकुंकू आणि एक फूल. जागा रिकामी होती. एक माणूस मावेल एवढी.

"अगं, ऊठ," तो म्हणाला.

ती हलली नाही.

"ऐकतेस का? ऊठ."

ती हलली नाही. आणि त्याचे पाय दाराकडे वळले. त्यानं वळवले नाहीत, जन्माची सवय होती, ते आपले आपण वळले. एक पाय उंबऱ्याबाहेर पडला आणि मागून आवाज आला. खर्र.

तो मशिनीचा नव्हता. तो तिच्या छातीतून आला होता.

त्यानं मान वळवून बघितलं. त्या रिकाम्या जागेवर, ओल्या शेणात, एका पावलाचा ठसा उमटला होता. अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला. त्यानं खाली स्वतःच्या पायाकडे बघितलं. त्याचा अंगठा लहानपणापासून तसाच वळलेला होता.

तो परत फिरला. बायकोजवळ जमिनीवर बसला आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं तिसरी हाक मारली. ही हाक हुकमाची नव्हती.

"काय होतंय गं तुला? कुठं दुखतंय?"

हे त्यानं आजवर कोणालाच विचारलं नव्हतं, मशिनीलाही नाही. त्यानं तिचे तळवे चोळले, हात चोळले, गुडघे शेकले आपल्या ओंजळीनं. हाका मारता मारता त्याचा घसा बसला. कौलांतून आलेली उन्हाची तिरीप सरकत सरकत भिंतीवर चढली. तो उठला नाही. ज्या मशिनी त्यानं तिथं टाकल्या होत्या त्या सगळ्या ओळीनं बसून त्याच्याकडे बघत होत्या असं त्याला वाटलं, पण तो उठला नाही.

मग तिला ठसका लागला. छाती एकदा अडली, दोनदा अडली आणि श्वास सुरू झाला.

"ओरडताय कशाला," ती म्हणाली. "ऐकू येतंय मला. जरा दम धरा."

हे शब्द त्यानं आधी कोणाच्या तोंडून ऐकले होते, ते त्याला आठवलं.

तिला उचलून घरात नेलं, पेज पाजली आणि मग विचारलं, ती शेवटची जागा कोणासाठी सारवलीस?

"मी मशिनी पुसल्या, फुलं वाहिली आणि गुडघा धरून बसले," ती म्हणाली. "सारवायला शेण कुठलं आणू? गुरं विकलीत ना तुम्ही."

दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याची पानं घेऊन बागायतदार डोंगरापलीकडच्या वाडीत भिवाच्या घरी गेला. भिवाची बायको दारातच बसली होती. तिनं सांगितलं, ते श्रावणात गेले, भर दुपारी. छातीत नुसतं खर्र खर्र व्हायचं, सुरू व्हायला बघायचे, होत नव्हतं.

"तुमच्या नावानं बोटं मोडत गेले असं समजू नका," ती म्हणाली. "कामावर यायचं म्हणत होते. पण आता हे सोनं कोणाला देता?"

पानं त्याच्या हातातच राहिली.

घरी येऊन त्यानं एकेक मशीन बाहेर काढली. जुनं पेट्रोल ओतलं, प्लग पुसले, ताजं पेट्रोल घातलं. बऱ्याचशा तिसऱ्या-चौथ्या ओढीला सुरू झाल्या. ज्या नाही झाल्या, त्या त्यानं पडवीत ठेवल्या, तिथं आल्यागेल्याचा हात तरी लागतो. नवी मशीन त्यानं पुन्हा आणली नाही. दुपारचा आवाज बंद झाला.

पण अजूनही खंडेनवमीला तो गोठ्याचं दार उघडतो तेव्हा आत काहीच नसतं, फक्त शेवटची ती एक जागा झाडलेली असते, ओली असते आणि तिच्यावर ताजं फूल असतं. तो दार हळूच लावतो, घरात येतो आणि बायकोला विचारतो, आज गुडघा कसा आहे.

तात्पर्य एवढंच, बाबांनो: जे पटकन सुरू होत नाही ते टाकून देण्याआधी त्याचं काय अडलंय ते बघा. कारण एक दिवस तुमचीही सकाळ उशिरा सुरू होणार आहे, आणि तुम्हाला हाक मारणारा माणूस तुमच्याकडूनच शिकलेला असेल.