सुरकुतलेलं बाळ

फार पूर्वी, जंगलांना अजून नावंही नव्हती तेव्हा, भामा हत्तिणीला पिल्लू झालं आणि ते जन्मतःच सुरकुतलेलं निघालं. आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं तिने लगेच ठरवून टाकलं.

"भामाताई, दूध चोळा त्याला," शेजारची ससुली म्हणाली. "आठ दिवसांत माझ्यासारखं मऊ होईल बघा!"

झालं. भामा रोज आपलं दूध पानांच्या द्रोणात काढून पिल्लाच्या अंगाला चोळू लागली. मुंग्यांची चंगळ झाली. पिल्लाच्या पोटात मात्र थोडंच जाई, त्यामुळे ते वाळत गेलं आणि सुरकुत्या आणखी वाढल्या. मग भामा घाबरून आणखी चोळायची.

आठव्या दिवशी पिल्लाला उठवेना. कळपातली थोरली मावशी कडाडली, "अगं, कातडी काय बघत बसलीस? पोट बघ त्याचं!"

भामाने द्रोण भिरकावला आणि पिल्लाला पोटाशी घेतलं. ते लुचू लागलं. जरा तरतरी आल्यावर त्याने तिच्या गुडघ्यावरच्या घड्या सोंडेने चाचपल्या.

"आई, माझ्या सुरकुत्या जाणार का गं?"

"जायला हव्यात का तुला?"

"नको. मग मी तुझाच, हे सगळ्यांना कसं कळणार?"

आणि ते पुन्हा लुचू लागलं.