विकलेल्यांचा मुजरा

आफ्रिकेतल्या अबोमे या जुन्या राजनगरीत पाहुण्यांना राजवाडा दाखवण्याचं काम राजघराण्यातलेच एक गृहस्थ करत. दोसू त्यांचं नाव. पूर्वजांच्या लढाया सांगताना त्यांची छाती फुगायची, आणि शेवटी सिंहासनापाशी आले की ते झाडून सगळ्यांना गुडघे टेकायला लावायचे.

एकदा ब्राझीलहून ज्युरेमा नावाची एक वृद्ध शिक्षिका आली. बाकीच्यांनी गुडघे टेकले, ती मात्र उभीच राहिली.

"बाई, हा राजाचा मान आहे," दोसू कडक आवाजात म्हणाले. "इथे तो कुणी चुकवत नाही."

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुमच्याकडे विकलेल्या मालावर विकणाऱ्याचा हक्क राहतो का?"

"छे. एकदा विकला की संपलं."

"मग माझ्याकडून मुजरा कसा मागता? माझ्या पणजीच्या आईला तुमच्याच राजाने गोऱ्या व्यापाऱ्यांना विकलं. आमच्यावरचा त्याचा हक्क तेव्हाच संपला."

गुडघे टेकलेली माणसं एकेक करून उठली. दोसूंनी डोक्यावरची राजघराण्याची टोपी काढून हातात घेतली आणि खालच्या आवाजात विचारलं, "तुमचं इथलं मूळ गाव कोणतं, आई? मी स्वतः तुम्हाला तिथे घेऊन जातो."

ज्युरेमाचे डोळे भरून आले.

"आमच्या घरात ते कुणालाच ठाऊक नाही," ती म्हणाली. "तेच तुम्हाला विचारायला आले होते."