मापाऱ्याची तेवीस मांजरं

फार फार पूर्वी शूर्पारक बंदरात विजयसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका मापाऱ्याच्या घरी जन्माला आले. त्यांचं नाव सामिदत्त. राजाच्या कोठारात येणारा दाणा न् दाणा त्यांच्या हातच्या अधोलीच्या मापाने मोजला जाई. मापाऱ्यांची एक जुनी रीत आहे. पहिल्या मापाला ते 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार अशी त्यांची मोजणी चालते. सामिदत्तांचं माप कधी उणं भरलं नाही आणि त्यांचा आवाज कधी चढला नाही.

त्यांची बायको चंपा मात्र वेगळ्याच मातीची. तिच्या पायाला भिंगरी होती. चुलीवर भात चढवला की ती अंगणात, अंगणातून विहिरीवर, विहिरीवरून परत घरात, आणि तोवर भात करपलेला. शेजारणी म्हणत, "चंपे, मेल्यावरसुद्धा तू सरणावरून उठशील आणि लाकडं नीट रचून मग परत झोपशील." चंपा हसायची. पण तेही उभ्या उभ्याच.

कोठारं तेव्हा कुडाची होती, गवताने शाकारलेली. उंदरांचा नुसता सुळसुळाट. उंदरांमागून मांजरं आली. ती कुणाची नव्हती. जोत्याखाली राहत, माणूस दिसला की पळत. सामिदत्त त्यांना रोज दिवस कलताना खाऊ घालत. मापामागे मूठभर तांदूळ मिळायचे, त्यातलाच भात. आणि कोळणी सुकट चाळून झाल्यावर जो चुरा टाकून देत, तो मागून आणून भातात कालवायचा. मग अधोलीच्या कडेवर अंगठी तीनदा वाजवायची, टक् टक् टक्, आणि खापरी जमिनीवर ठेवून दहा पावलं मागे सरायचं. जोत्याखालून एकेक डोकं बाहेर यायचं. ते हलक्या आवाजात मोजत, लाभ, दोन, तीन. असं एकोणीस वर्षं चाललं. एखाद्या वर्षी मोजणी तिसावर गेली. एका पावसाळ्यात पिल्लं मेली आणि ती अकरावर आली. टक् टक् मात्र एकदाही चुकली नाही, आणि खापरी एकदाही रिकामी नव्हती.

एवढ्या वर्षांत एकाही मांजराने त्यांना हात लावू दिला नाही. चंपाला याचा फार राग यायचा. "एकोणीस वर्षं घास भरवताय, आणि ही मेली ओळखसुद्धा दाखवत नाहीत!"

"ती आपली नाहीत गं," सामिदत्त म्हणत. "आपण त्यांचे आहोत, एवढंच."

त्यांतली सगळ्यात म्हातारी होती बांडी. जन्मतःच शेपूट आखूड, म्हणून बांडी. सहा वर्षांपूर्वी तिचा कान कशाने तरी फाटला, जखम चिघळली. सामिदत्त म्हणाले, थांबू या, ती जवळ येईल. चंपाला थांबवेना. तिने मागून जाऊन बांडीवर पोतं टाकलं. लेप लावला, कान बरा झाला, पण बांडी पोत्यात अशी किंचाळली होती की पुढे महिनाभर एकही मांजर खापरीजवळ फिरकलं नाही. बाकीची हळूहळू परतली. बांडी मात्र तेव्हापासून चंपाची चाहूल लागली की नाहीशी व्हायची. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसं तिचं झालं होतं. चंपाला हे लागलं होतं. ती बोलून दाखवायची नाही.

पुढे राजाने पक्क्या विटांची नवी कोठारं बांधली. जोतं दगडी, दारं घट्ट. उंदीर आत शिरेनात. गरज सरो, वैद्य मरो! एका सकाळी कोठाराध्यक्ष पिंगल आला आणि म्हणाला, "मापारी, या मांजरांचं आता काम नाही. घाण करतात. तुझ्या टकटकीला सगळी गोळा होतात म्हणे. उद्या वाजव. माझे जाळेवाले तयार राहतील."

"आणि मग, धनी?"

"मग काय? खाडी आहे की."

सामिदत्तांनी अधोली हातात घेतली. "धनी, हा आवाज झाला की खायला मिळतं, असं ती मांजरं मानतात. आजवर ते खोटं ठरलेलं नाही. याच अधोलीने मी तुमचं धान्य मोजतो. एकाला खोटं माप घातलं की ते माप सगळ्यांनाच खोटं. मला चाळीस दिवस द्या. खाजणाच्या बांधापलीकडे ती पडकी चुनाभट्टी आहे ना, तिथे मी त्यांना नेतो. ती आपल्या पायांनी जातील."

पिंगलला हसू आवरेना. मांजरं वरातीसारखी चालणार! पण मापारी खोटं बोलत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. "चाळीस तर चाळीस," तो म्हणाला. "पण नीट ऐक. चाळिसाव्या दिवशी सूर्य बुडताना एक जरी मांजर माझ्या आवारात दिसलं, तर भट्टीवरचीही सगळी खाडीत. आणि तुझी अधोली दुसऱ्याच्या हातात."

कोठारापासून भट्टी चारशे पावलं. सामिदत्तांनी रोज खापरी दहा पावलं पुढे ठेवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी मांजरं जुन्या जागी बसून त्यांच्याकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी चार आली. आठवड्यात बरीचशी आली. खाऊन झालं की ती कोठाराकडे परतत, पण दिवसागणिक परतणारी कमी होऊ लागली.

चंपाचा जीव टांगणीला लागला होता. ती बांधावरून कोठारात आणि कोठारातून बांधावर दिवसातून वीसदा जायची. "अहो, वीस पावलं करा ना! दिवस सरताहेत!"

"मांजराला आपली घाई कळत नाही, चंपे."

सतराव्या दिवशी ते कामात असताना तिने खापरी गुपचूप तीस पावलं पुढे नेऊन ठेवली. त्या संध्याकाळी पाचच मांजरं आली, बाकीची कोठाराकडे पळाली, आणि दोन दिवस मागे जावं लागलं. सामिदत्तांनी खापरी उचलून पुन्हा मागे ठेवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ती रात्रभर कूस बदलत राहिली. वाया गेलेले दिवस सामिदत्तांनी पुढे रोज दोन-तीन पावलं वाढवून भरून काढले.

एकोणचाळिसाव्या दिवशी बावीस मांजरं भट्टीत जेवली आणि तिथेच पसरली. बांडी एकदाही आली नव्हती. ती तिसऱ्या कोठाराच्या पायरीखाली बसून होती, आणि सामिदत्त रोज तिचा वाटा तिथे पोहोचवत होते.

चाळिसाव्या दिवशी दुपारी ते म्हणाले, "मी भट्टीतून हललो तर बाकीची माझ्यामागे परत येतील. मला त्यांच्यापाशी बसायला हवं. बांडीकडे तू जा."

"मी?" चंपाचा आवाज फाटला. "अहो, ती जगात कुणाला भीत असेल तर मला!"

"म्हणूनच," ते म्हणाले, आणि अधोली घेऊन निघून गेले.

चंपा करवंटीत भात आणि सुकट घेऊन कोठारावर आली. जाळेवाले सावलीत पान चघळत बसले होते. ती पायरीपाशी वाकली, बांडी आत सरकली. ती उजवीकडून गेली, बांडी डावीकडे. तिने करवंटी पुढे केली, मागे घेतली, हाका मारल्या, चुचकारलं. ऊन उतरायला लागलं.

म्हातारा जाळेवाला कंटाळून म्हणाला, "बाई, ते पोतं टाका तिच्यावर आणि द्या बांधापलीकडे फेकून. सुटका होईल एकदाची."

पोतं तिथेच खुंटीला होतं. चंपाने ते ओढून हातात घेतलंसुद्धा. पायरीखालून बांडीने त्या पोत्याकडे पाहिलं आणि तिचा फाटका कान मागे गेला. चंपाला त्या दिवसाची किंचाळी आठवली. ती आज पुन्हा ऐकू गेली तर भट्टीतली बावीसही उधळतील. तिने पोतं टाकून दिलं. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती धुळीतच बसली.

"मी कधी थांबलेच नाही गं," ती पुटपुटली. "तुला वाटायचं, ही आली की काहीतरी करणार. खरंच की. मी काहीतरी करायलाच यायचे."

मग ती गप्प बसली. पायावर मुंग्या चढल्या, तिने झटकल्या नाहीत. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं, पुसलं नाही. उठावं, धावावं, निदान पदर तरी सावरावा, असं आतून सारखं ढुसण्या देत होतं, आणि ती बसून राहिली. जन्मात इतकं कठीण काम तिने केलं नव्हतं. सावली पायरीवरून खाली उतरली. आणि बांडी बाहेर आली. करवंटीशी थांबली, हुंगली, दोन घास खाल्ले.

चंपा सावकाश उठली, करवंटी घेऊन दहा पावलं गेली आणि पुन्हा बसली. बांडी आली. पुन्हा दहा, पुन्हा बसणं. आवाराचं फाटक साठ पावलांवर होतं. सूर्य खाडीला टेकायला आला तेव्हा शेवटची दहा उरली होती, आणि नेमका त्याच वेळी पिंगल समोरून तरातरा चालत आला.

म्हाताऱ्या जाळेवाल्याने चवड्यांवर पुढे जाऊन त्याला अडवलं. "धनी, पाया पडतो, पाऊल वाजवू नका."

पिंगल एक पाय उचललेला, तसाच थबकला. कोठाराध्यक्ष एका पायावर उभा आणि समोरून एक म्हातारी बांडी मांजर निवांत चाललेली, असं दृश्य त्या बंदराने आधी कधी पाहिलं नव्हतं. सूर्याची कोर पाण्यावर असतानाच बांडी फाटकाबाहेर गेली. पिंगलने पाय खाली ठेवला. "कोठारात आहे का आणखी एखादं?" त्याने म्हाताऱ्या जाळेवाल्याला विचारलं.

"नाही, धनी."

"मग मापाऱ्याला सांग, उद्या जहाजं यायची आहेत. अधोली घेऊन वेळेवर ये म्हणावं."

चंपा बांधावरून दहा दहा पावलांनी भट्टीशी पोहोचली तेव्हा अंधारून आलं होतं. आतून सामिदत्तांचा आवाज येत होता. मांजरांवरून बोट फिरवत ते मोजत होते: "दोन, तीन, चार..." तेविसापर्यंत गेले, आणि पुन्हा पहिल्यापासून, "दोन, तीन..."

चंपा दारातच खिळली. संध्याकाळभर ते असेच मोजत बसले होते. पहिली जागा मोकळी ठेवून.

बांडी तिच्या पायांजवळून आत गेली. सामिदत्तांनी मान वर केली आणि म्हणाले, "लाभ."

त्यांनी करवंटीशेजारी खापरी सरकवली. चंपा तिथेच भिंतीला टेकून बसली, आणि बांडी तिच्यापासून एका वितीवर. तिला हात लावावा असं चंपाच्या मनात आलं. तिने लावला नाही.

विहारात जमलेल्या भिक्षूंना इथवर सांगून शास्ता भगवान म्हणाले, "त्या वेळचा पिंगल म्हणजे आज आपल्या विहाराला तांदूळ देणारा उपासक. म्हातारा जाळेवाला म्हणजे तुमच्यातला तो दारपाल भिक्षू, जो ध्यानाच्या वेळी कुणाला दार वाजवू देत नाही. बांडी म्हणजे ती वृद्ध थेरी, भिक्षुणींतली सर्वांत ज्येष्ठ, जी कुणाच्या शेजारी बसत नाही. चंपा म्हणजे ध्यानातून तीनतीनदा उठणारी ती भिक्षुणी, जिची तक्रार घेऊन तुम्ही आज आलात. आणि मापारी सामिदत्त मीच होतो. मांजरांना घास मीच घातला, भिक्षूंनो, पण त्या दिवशी क्षांती पारमिता, धीराची ती पराकाष्ठा, पाळली ती चंपाने."

सभेच्या कडेला दिव्याची वात वाकडी जळत होती. ती भिक्षुणी वात सरळ करायला अर्धी उठली होती. ती पुन्हा खाली बसली. थोड्या वेळाने ती वृद्ध थेरी आपलं आसन उचलून आली आणि तिच्यापासून एका वितीवर बसली.