मुठीतली मुंगी

"तुझ्यामुळेच मला मुंग्या आल्या!" करंगळी हँडलवर खेकसली. सायकली बोलायच्या त्या काळातली ही गोष्ट. गोदाक्का सकाळपासून वीस कोस सायकल हाणत आली होती. पुढे घाटाचा उतार होता आणि बधिर बोटांना ब्रेक दाबता येईना.

"मी बापडं जागेवरच आहे," हँडल म्हणालं. "तुम्हीच माझा गळा आवळलाय!"

"धरायचं नाही तर काय, पडायचं?" अंगठा गुरगुरला.

खरं कुणाचं, हे हँडलवरची म्हातारी घंटी मघापासून निरखत होती. भांडण चढेल तशी बोटं आणखी आवळत होती, आणि आणखी पांढरी पडत होती. तेव्हा ती म्हणाली, "बाळांनो, मलाही असंच मुठीत आवळा आणि मग वाजवून दाखवा बरं!"