ओल्या फरशीवरचा निवाडा

एकदा एक शिष्य गुरुजींकडे पाठाला आला, तो वही घरी विसरून. फरशीच्या दुकानाची पावती मात्र त्याने आठवणीने आणली होती. शिष्य म्हणजे चांगला पन्नाशीचा, नोकरदार गृहस्थ. दर गुरुवारी संस्कृत शिकायला येई. त्या दिवशी त्याला शास्त्र नको होते, न्याय हवा होता.

"शुद्ध फसवणूक आहे, गुरुजी," तो म्हणाला. "आई गेल्या वर्षी न्हाणीत घसरून पडली, मनगट मोडलं. म्हणून तिच्या न्हाणीसाठी खरखरीत फरशी मागवली. पावतीवर तसं स्पष्ट लिहिलंय. जुनी फरशी उखडून झाली, नवी खोकी फोडली, तर गवंडी हात फिरवून म्हणतो, 'साहेब, ही भिंतीची हाय, पायाखालची न्हाई.'"

"दुकानदार काय म्हणतो?"

"हीच ती, म्हणतो. पाणी पडलं तरी पाय सरकणार नाही, लिहून देतो म्हणतो! वर पाटी दाखवतो, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' आठ दिवस झाले. रोज सकाळी जाऊन भांडतो, तिथूनच ऑफिसला जातो. आता त्याला ग्राहक मंचातच खेचतो."

गुरुजींनी पावती उलटसुलट करून पाहिली. "आणि हे आठ दिवस आई आंघोळ कुठे करते?"

"करते की, माडीवरच्या बाथरूममध्ये."

"वर कशी जाते?"

शिष्य पावती परत घेऊन तिची घडी घालू लागला. गुरुजींनीही ताणले नाही. "वाटेत घरून खोक्यातली एक फरशी घे, आणि दुकानात चल," एवढेच म्हणाले.

दुकानात पोहोचताच शिष्य आणि दुकानदार यांचे भांडण जिथे थांबले होते तिथून सुरू झाले. आठ दिवसांत दोघांनाही ते तोंडपाठ झाले होते. गुरुजींनी मध्येच पाणी मागितले. दुकानदाराने अदबीने पेला पुढे केला.

"पेला नको. बादली हवी."

बादली आली. गुरुजींनी फरशी जमिनीवर ठेवायला लावली, तिच्यावर पाणी ओतवले. मग चपला काढल्या, धोतर जरा वर खोचले, काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि ब्याऐंशी वर्षांचा तो उजवा पाय उचलला.

"अहो बाबा, पडाल!" दुकानदार गल्ल्यावरून उठून धावत आला आणि त्याने गुरुजींचे दोन्ही दंड घट्ट धरले. शिष्य मात्र पावती हातात धरून जागच्या जागी उभा होता.

दुकानदाराने एकदा फरशीकडे पाहिले, एकदा स्वतःच्या हातांकडे. त्याचा चेहरा उतरला.

"गोदामात खोकी बदलली असणार," तो हळूच म्हणाला. "मला पहिल्या दिवशीच शंका आली होती. पण ह्यांनी आल्या आल्या मला चोर म्हटलं, मग मीही हट्टाला पेटलो."

"फरशी कुणासाठी आहे, ठाऊक होतं?"

"नाही. ह्यांनी फक्त पावती दाखवली."

"ह्याच्या आईसाठी. ती एकदा पडली आहे."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "उद्या सकाळी गाडी पाठवतो, साहेब. हा माल मी परत नेतो."

परतताना शिष्य म्हणाला, "गुरुजी, त्याने धरलं नसतं तर?"

"तर पडलो असतो. पण तो धरणार, याची मला खात्री होती. गल्ल्यामागे बसलेला माणूस मालाची बाजू घेतो, ती त्याची सवय. समोर म्हातारा पडायला लागला की तो गल्ला विसरतो. तुम्ही दोघे आठ दिवस कागदावर भांडलात. फरशीची परीक्षा कागदावर होत नाही रे, ती ओल्या पायाखाली होते. त्याची चूक उद्या गाडीतून परत जाईल. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुझ्याकडे राहिलं आहे."

घरी पोहोचताच शिष्याने आईला विचारले, "तू वर आंघोळीला कशी जातेस गं?"

"बसत बसत जाते. सोळा पायऱ्या आहेत. चढताना काही नाही, उतरताना पाय ओले असतात, तेवढीच धास्ती."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू माझ्याचसाठी रोज भांडायला जात होतास ना," आई म्हणाली. "सकाळी घरी असतोस कुठे?"

शिष्याला फार लाज वाटली. दुकानदाराला त्याने चोर म्हटले होते, आणि आईचा सकाळचा आधार त्याने स्वतःच हिरावून घेतला होता.

खरखरीत फरशी दुसऱ्या दिवशी आली. ती बसवून वापरण्याजोगी व्हायला आणखी चार दिवस लागले. त्या चारही सकाळी तो आईचा हात धरून सोळा पायऱ्या चढला, आणि तिची आंघोळ होईपर्यंत दाराबाहेर थांबून, हात धरूनच उतरला.